कोरड्या ब्रेडला आधी बुरशी आली, म्हणून प्रयोग चुकला का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमच्या सातवीतल्या मुलीने सहा पिशव्यांत ब्रेडची एकेक स्लाइस ठेवली. एक कोरडी, एक पाण्यात चांगली भिजवलेली, एक लिंबू पिळलेली, एक मीठ भुरभुरलेली, एक फ्रिजमध्ये आणि एक खिडकीत उन्हात. ओल्या स्लाइसला सगळ्यात आधी बुरशी येईल आणि कोरडीला येणारच नाही, असं तिने वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात कोरडीला पाचव्या दिवशी बुरशी आली, लिंबाच्या स्लाइसला सहाव्या दिवशी आणि ओलीला थेट आठव्या दिवशी. मिठाच्या स्लाइसवर एका कोपऱ्यातच ठिपका आला. फ्रिजमधली आणि उन्हातली स्वच्छ राहिली. वर्गात तिला सांगण्यात आलं की निकाल चुकीचा आहे, पुन्हा कर. कुठे चुकलं, पुन्हा कसं करायचं आणि घरात हे करण्यात धोका आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि हा प्रयोग शाळकरी मुलांकडून पंचवीसेक वर्षं करून घेते आहे. म्हणून आधी एक गोष्ट ठामपणे सांगते, आणि ती तुमच्या मुलीलाही वाचून दाखवा: तिचा निकाल चुकीचा नाही. ब्रेडने तिला खरं तेच उत्तर दिलं आहे. फक्त तिला वाटत होतं त्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. तिने नकळत भलताच प्रश्न विचारला होता.

कोरड्या स्लाइसपासून सुरुवात करू. ती कोरडी नव्हतीच. साध्या ब्रेडच्या वजनात ३५ ते ४० टक्के पाणी असतं. ३० ग्रॅमच्या स्लाइसमध्ये म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास पाणी झालं, चहाचे दोन चमचे भरून थोडं उरेल इतकं. हाताला ते जाणवत नाही, कारण ते ब्रेडच्या मऊ भागात मुरलेलं असतं. पण बुरशीला आपल्या हाताशी काय घेणं? तिला मोकळं, शोषून घेता येईल असं पाणी किती आहे याच्याशी मतलब. शुद्ध पाण्याला १ धरलं तर ब्रेडच्या आत ही उपलब्धता ०.९५ च्या आसपास असते, आणि ब्रेडवर येणाऱ्या बहुतेक बुरशींना ०.८० पुरते. तिने ती स्लाइस पिशवीत बंद केली तेव्हा हे सगळं पाणी आतच राहिलं. उघड्यावर ठेवली असती तर दोन दिवसांत ती कडक झाली असती आणि बहुधा बुरशीशिवाय राहिली असती. थोडक्यात, तिची ‘कोरडी’ पिशवी म्हणजे बुरशीसाठी उत्तम सोय होती.

मग भिजवलेली मागे का पडली? ब्रेडमध्ये बारीक भोकं असतात आणि त्यांत हवा असते. बुरशीला ऑक्सिजन लागतो. स्लाइस चिंब भिजली की ती भोकं पाण्याने भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. शिवाय इतक्या पाण्यात बॅक्टेरिया आणि यीस्ट यांचं फावतं. ते पहिले दोन-तीन दिवस मैदान मारतात, ब्रेडचा लगदा होतो, आणि बुरशी वरच्या कडेवर कुठेतरी उशिरा उगवते. तिच्या ओल्या स्लाइसवर चकचकीत, चिकटसर, पिवळट किंवा गुलाबी ठिपके दिसले होते का, हे तिला विचारा. असतील तर तो बॅक्टेरिया-यीस्टचा पसारा आहे. लोकरीसारखं किंवा पावडरीसारखं दिसतं ती बुरशी, ओलसर थेंबासारखं चमकतं ते दुसरं काहीतरी, हा ठोकताळा तुम्ही बिनधास्त वापरा.

लिंबाची गोष्ट मला विशेष आवडते. ‘आंबट घातलं की टिकतं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून मुलं लिंबावर पैज लावतात आणि हरतात. बुरशींना आंबटपणाची फारशी भीती नसते. काळ्या रंगाची अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी तर स्वतःच सायट्रिक आम्ल तयार करते. जेम्स करी यांनी १९१७ मध्ये ते दाखवून दिलं आणि आज जगभरच्या कारखान्यांत लिंबाचं हे आम्ल मुख्यतः या बुरशीकडूनच बनवून घेतात. तेव्हा लिंबाच्या रसाने बुरशी थोडी रेंगाळेल, थांबणार नाही. वर तुमच्या मुलीने रसासोबत पाणी आणि थोडी साखरही दिली. तिथे व्हिनेगर घेतलं असतं तर चित्र बरंच वेगळं दिसलं असतं. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक आम्लाचे लहान रेणू न तुटलेल्या अवस्थेत पेशीच्या पडद्यातून आत शिरतात आणि आत गेल्यावर पेशीला आम्लाने बेजार करतात. पाकीटबंद ब्रेडमध्ये घालतात ते कॅल्शियम प्रोपिओनेट याच जातीचं आहे, तेही असंच आत शिरून काम करतं. थोडक्यात, किती आंबट यापेक्षा कोणतं आम्ल हे महत्त्वाचं.

मिठाचं गणित घरी करून पाहता येईल इतकं सोपं आहे. मीठ बुरशीला विषासारखं मारत नाही, ते पाणी अडवून ठेवतं. १ मिलिलिटर पाण्यात जास्तीत जास्त ०.३६ ग्रॅम मीठ विरघळतं, आणि अशा पूर्ण खारट पाण्यात उपलब्धता ०.७५ पर्यंत उतरते. त्यात ब्रेडची बुरशी वाढत नाही. पण हेच १ मिलिलिटर ब्रेडच्या चतकोर तुकड्यावर टाकलं की तुकड्यातलं ३ ग्रॅम पाणी त्यात मिसळतं, मीठ चौपट पातळ होतं, आणि बुरशी उशिरा का होईना येतेच. तुमच्या मुलीने तर मीठ कोरडंच भुरभुरलं. जिथे कण पडले तिथे बुरशी आली नाही, जिथे पडले नाहीत त्या कोपऱ्यात आली. तो एक ठिपका माझ्या मते तिच्या सबंध प्रयोगातलं सगळ्यात बोलकं निरीक्षण आहे. फोटो असेल तर जपून ठेवा.

उन्हातली स्लाइस उजेडामुळे वाचली असं बहुतेक मुलं लिहितात. बुरशीला अंधारच लागतो हा समज फार खोलवर रुजलेला आहे, कारण आपल्याला ती डब्यात आणि कपाटात सापडते. तिथे सापडते ती ओल आणि कोंडलेपणामुळे. तापमान सारखं ठेवून एक पिशवी काळ्या कागदात गुंडाळली आणि एक तशीच ठेवली तर दोन्हींत बुरशी येते, फार मोठा फरक दिसत नाही. उन्हात मात्र बंद पिशवी तापते, आणि ब्रेडवरच्या बहुतेक बुरशी ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे मान टाकतात. त्या पिशवीने उष्णतेबद्दल सांगितलं, उजेडाबद्दल काहीच नाही. फ्रिजमधली स्लाइस फेकू नका. ४ अंशांवर वाढ मंदावते, थांबत नाही. पेनिसिलियम या बुरशीच्या काही जाती त्या थंडीतही वाढतात. तिथेच राहू द्या आणि महिनाभर आठवड्यातून एकदा पाहा.

आता खरी उणीव. ती तुमच्या मुलीची नाही, हा प्रयोग ज्या पद्धतीने सांगितला जातो त्या पद्धतीची आहे. प्रत्येक प्रकाराला एकच स्लाइस.

ब्रेड भट्टीतून बाहेर येतो तेव्हा आतून ९५ अंशांच्या आसपास तापलेला असतो आणि बुरशीचे बहुतेक बीजाणू, म्हणजे ज्यांपासून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण, मेलेले असतात. पुढे तो गार होताना, कापताना, पाकिटात भरताना आणि आपण पाकीट उघडल्यावर हवेतून नवे बीजाणू पडतात. पेनिसिलियमचा एक बीजाणू ३ ते ४ मायक्रॉनचा असतो, आपल्या केसाच्या जाडीत असे वीसेक सहज एका ओळीत बसतील. कोणत्या स्लाइसवर किती पडले आणि कोणत्या जातीचे पडले हे निव्वळ योगायोगावर असतं. एकीवर झपाट्याने वाढणारी रायझोपस पडली आणि दुसरीवर सावकाश वाढणारी पेनिसिलियम पडली, तर दोन्हींना अगदी सारखं वागवलं तरी तीन दिवसांचा फरक सहज पडतो. तुमच्या पाचव्या आणि सहाव्या दिवसातला फरक त्यामुळे काहीच सांगत नाही. दोन स्लाइसच्या शर्यतीत कोण जिंकलं यावरून नियम काढायचा नसतो.

आणखी एक अडचण मला एका मुलीने शिकवली. एका वर्षी वर्गात आम्ही पाणी घातलेल्या पिशव्या फळीच्या डाव्या बाजूला आणि व्हिनेगर घातलेल्या उजव्या बाजूला रांगेने मांडल्या होत्या. डावीकडे बुरशी भराभर आली, उजवीकडे अजिबात नाही. सगळे खूश, मीही. ती मुलगी मात्र रोज पिशव्या मोजायला यायची आणि मोजता मोजता फळीवर हात टेकायची. एक दिवस म्हणाली, “बाई, इकडे फळी कोमट लागते.” मी हात फिरवून पाहिला. फळीमागच्या भिंतीतून गरम पाण्याचा पाइप गेला होता, फक्त डाव्या बाजूने. आम्ही पिशव्या उलटसुलट मिसळून सगळं पुन्हा केलं. व्हिनेगरचा परिणाम तेव्हाही दिसला, पण पहिल्याइतका मोठा नव्हता. त्या दिवसापासून मी पिशव्या कधीच गटागटाने मांडत नाही. रोज जागा बदलतात.

तर पुन्हा कसं करायचं ते सांगते. सहा गोष्टी एकाच वेळी तपासू नका, एकच प्रश्न घ्या. तिला ओलाव्याचंच कुतूहल होतं, तेव्हा तोच घेऊ: ब्रेडमधल्या पाण्याचं प्रमाण बदललं की बुरशी केव्हा दिसते आणि किती पसरते?

एकाच पाकिटातल्या मधल्या पाच स्लाइस घ्या. पहिली आणि शेवटची नको. पाकिटावर प्रिझर्व्हेटिव्ह लिहिलेलं नसलेला ब्रेड मिळाला तर वेळ वाचेल, नाहीतर सात ते दहा दिवस किंवा जास्तही वाट पाहावी लागते. प्रत्येक स्लाइसचे कडा काढून ५ सेंटिमीटर बाजूचे चार चौकोन कापा. वीस तुकडे झाले. आता चार गट करायचे, आणि प्रत्येक स्लाइसमधला एकेक तुकडा प्रत्येक गटात गेला पाहिजे. एखाद्या स्लाइसवर आधीपासूनच जास्त बीजाणू असतील तर त्याचा फायदा-तोटा चारही गटांना सारखाच मिळतो. ही युक्ती छोटी आहे, पण सगळा प्रयोग तिने सावरला जातो.

पहिला गट खरोखर कोरडा करायचा. टोस्टर किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर, तुकडा मोडताना काडकन आवाज येईल इतका. हे काम मोठ्यांनी करावं. दुसरा गट जसाच्या तसा. तिसऱ्या गटातल्या प्रत्येक तुकड्यावर १ मिलिलिटर पाणी, चौथ्यातल्यावर ५ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ चिंब. पाणी उकळून गार केलेलं वापरा आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. सिरिंज नसेल तर ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. थेंब एकाच जागी ओतू नका, पाच ठिकाणी टाका.

पण पाणी घालण्याआधी एक पायरी आहे, आणि ती गाळली तर सगळं फसतं. कोरडे करताना पहिल्या गटावरचे बीजाणू उष्णतेने मेले. मग त्याला बुरशी आली नाही तर ती कोरडेपणामुळे की बीजाणूच नव्हते म्हणून, हे कळणार कसं? म्हणून कोरडे तुकडे गार झाले की वीसच्या वीस तुकडे एका मोठ्या ताटात मिसळून मांडा आणि पंखा बंद करून अर्धा तास उघडे ठेवा. मध्ये ताट एकदा फिरवा. हवेतले बीजाणू सगळ्यांवर पडू देत. कुठून तरी बुरशी आणून ब्रेडवर चोळायची कल्पना काही ठिकाणी सुचवतात, ती मला घरासाठी अजिबात मान्य नाही.

त्यानंतर पाणी घाला आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवा. पिशवीतली हवा दाबून काढू नका, बुरशीला ती हवी आहे. झिप बंद करून वरून चिकटपट्टी लावा. इथून पुढे पिशवी उघडायची नाही, प्रयोग संपल्यावरही नाही. पिशवीवर गटाचं नाव न लिहिता फक्त १ ते २० आकडे लिहा, कोणता आकडा कोणत्या गटाचा हे वेगळ्या कागदावर लिहून ती चिठ्ठी तुमच्याकडे ठेवा. मुलगी निरीक्षण करेल तेव्हा तिला गट माहीत नसला पाहिजे. चिंब तुकडे नुसत्या नजरेलाही ओळखू येतील, त्याला इलाज नाही, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात ही काळजी कामी येते. आपल्याला जे दिसावं असं वाटतं ते जरा लवकरच दिसतं, आणि हे लहानथोर सगळ्यांचं होतं.

सगळ्या पिशव्या एकाच खोक्यात, २५ ते ३० अंशांच्या खोलीत ठेवा आणि रोज क्रम बदला.

मोजण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकवर ५ मिलिमीटरच्या चौकटी आखा. ५ सेंटिमीटरच्या तुकड्यावर अशा बरोबर १०० चौकटी बसतात, म्हणजे अर्ध्याहून जास्त झाकलेल्या चौकटी मोजल्या की आलेला आकडा हाच टक्का. बुरशी पहिल्यांदा दिसली तो दिवस वेगळा लिहायचा. रोज एकाच वेळी, शक्यतो फोटोसह. फोटोत पट्टी असू द्या.

आता जरा पाहण्याबद्दल, कारण मुलं आकडे भरतात आणि पाहायचंच विसरतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि टॉर्च वरून न धरता बाजूने, पिशवीला जवळजवळ समांतर धरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ब्रेडवर धुक्यासारखं काहीतरी दिसेल. दुसऱ्या दिवशी त्याच जागी कापूस पिंजून ठेवल्यासारखे पांढरे तंतू. ती रायझोपस असेल तर त्याच्या पुढच्या दिवशी तंतूंच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढेही नाहीत असे गोल दाणे येतात, आधी पांढरे, मग काही तासांत राखाडी आणि शेवटी काळे. ते बीजाणूंनी भरलेले डबे, बीजाणुधानी. नीट पाहिलं तर हे दाणे कुठेही विखुरलेले नसतात, झुबक्याने उभे असतात. एक आडवा तंतू ब्रेडवरून कमानीसारखा पुढे झेप घेतो, जिथे टेकतो तिथे खाली मुळांसारखे बारीक धागे रोवतो आणि वर दाण्यांचा नवा झुबका उभा करतो. मग पुढची झेप. स्ट्रॉबेरीची वेल जमिनीवर पसरते तशी ही चाल असते. मुलांना हे एकदा दिसलं की पुढचे दहा दिवस त्यांना भिंगापासून दूर करणं कठीण जातं.

पेनिसिलियम अशी धावत नाही. तिचा गोल ठिपका असतो, मध्ये निळसर-हिरवी पावडर आणि भोवती पांढरी किनार. किनार म्हणजे नुकते वाढलेले तंतू, अजून बीजाणू न धरलेले. ठिपक्याचा व्यास रोज मोजला तर ती किनार किती सरकली हे मिलिमीटरमध्ये सांगता येतं. मात्र रंगावरून जातीचं नाव ठामपणे लिहू नका. ‘निळसर-हिरवी, पावडरीसारखी, पांढऱ्या किनारीची’ हे वर्णन ‘पेनिसिलियम’ या अंदाजापेक्षा जास्त शास्त्रीय आहे. नारिंगी-गुलाबी, हलक्या पावडरीसारखी बुरशी झपाट्याने पसरताना दिसली तर ती बहुधा न्यूरोस्पोरा. तिचे बीजाणू फार सहज उडतात, ती पिशवी ताबडतोब दुसऱ्या पिशवीत घालून टाकून द्या. हिच्याच एका जातीवर प्रयोग करून बीडल आणि टॅटम यांनी १९४१ मध्ये जनुकं आणि विकरं (एन्झाइम्स) यांचा संबंध दाखवला आणि १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हे मुलीला सांगायला हरकत नाही.

पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमतील, अगदी पाणी न घातलेल्या गटातही. त्यातलं थोडं ब्रेडचं, थोडं बुरशीने बनवलेलं. ती आपली विकरं बाहेर सोडते, ब्रेडमधला स्टार्च साखरेपर्यंत फोडते, ती साखर शोषून घेते आणि श्वसनातून कार्बन डायऑक्साइड व पाणी बाहेर टाकते. पिशवी फुगली मात्र, तर ते बुरशीचं काम नाही. बुरशी जितका ऑक्सिजन घेते साधारण तितकाच कार्बन डायऑक्साइड देते. फुगवटा म्हणजे आत यीस्ट किंवा बॅक्टेरिया आंबवण्याचं काम करत आहेत. चिंब गटात असं झालं तर वहीत नक्की लिहा.

चौदाव्या दिवशी थांबा, मग आकडे मांडा. सरासरी काढू नका, कारण काही तुकड्यांना बुरशी आलेलीच नसेल आणि ‘आली नाही’ याचा दिवस कोणता धरणार? त्याऐवजी गटातले पाच दिवस चढत्या क्रमाने लिहा आणि मधला, म्हणजे तिसरा आकडा घ्या. समजा जशाच्या तशा गटात ५, ५, ६, ६, ८ असे दिवस आले, तर मधला ६. चिंब गटात ६, ८, ९ आणि दोन तुकड्यांना आलीच नाही, तर मधला ९. हा मध्य सातवीच्या मुलीला सहज कळतो. माझ्याकडे साधारणपणे खरोखर कोरडा गट चौदा दिवस स्वच्छ राहतो, दुसरा आणि तिसरा जवळजवळ बरोबरीने चालतात, आणि चिंब गट सगळ्यात बेभरवशाचा निघतो. तुमच्याकडे वेगळं आलं तर वेगळंच लिहा.

तुम्ही ओघात लिहिलं आहे की पुढच्या वेळी ‘हात न धुता हाताळलेली स्लाइस आणि धुऊन हाताळलेली स्लाइस’ असा प्रयोग करायला सांगितलं आहे. हा प्रकार सध्या फार लोकप्रिय आहे आणि त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला खटकतो. हातावर प्रामुख्याने बॅक्टेरिया असतात. आजारी पाडणारे विषाणू ब्रेडवर वाढतच नाहीत. ब्रेडवर जी बुरशी दिसते ती बहुतांशी हवेतल्या आणि धुळीतल्या बीजाणूंची. धुतलेला हात नीट पुसला नाही तर त्याच्या ओलाव्यामुळे ‘स्वच्छ’ स्लाइसलाच आधी बुरशी येते, आणि मग मूल काय शिकतं? हात धुवायलाच हवेत, पण त्याचा पुरावा ब्रेडकडे मागू नका. तरीही करायचाच असेल तर एकही हात न लागलेला, चिमट्याने उचललेला गट असला पाहिजे आणि प्रत्येक गटात पाच तुकडे हवेतच.

सुरक्षिततेबद्दल. बंद पिशवीत, वरून पट्टी लावून, न उघडता केलेला हा प्रयोग निरोगी मुलांसाठी घरात करता येतो. घरात कोणाला दमा किंवा बुरशीची अ‍ॅलर्जी असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, किंवा कोणाची प्रतिकारशक्ती आजाराने वा औषधांनी कमी झालेली असेल, तर घरी करू नका. रायझोपसच्या काही जाती अशा व्यक्तींमध्ये म्युकरमायकोसिस हा गंभीर संसर्ग घडवू शकतात. वास घेऊन पाहायचा नाही, हे मुलांना दहादा सांगावं लागतं.

मुलगी बहुधा विचारेल, पेनिसिलीन तर याच बुरशीपासून मिळालं ना, मग ती वाईट कशी? अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बॅक्टेरियाच्या बशीवर पेनिसिलियमचा ठिपका सापडला, हे खरं. पण पेनिसिलियमच्या पुष्कळ जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक पेनिसिलीन बनवत नाहीत, काही विषं बनवतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी दगावले ते अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे, आणि त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष माहीत झालं. ते घरगुती भाजण्याने नष्ट होत नाही. ब्रेडवरचा ठिपका कापून उरलेला खाणं म्हणूनच चुकीचं आहे. रंगीत ठिपका हा फक्त बीजाणू धरलेला भाग, बिनरंगी तंतू त्याच्या पलीकडे मऊ ब्रेडमध्ये केव्हाच पोचलेले असतात.

प्रयोग संपला की पिशव्या न उघडता एका मोठ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि साबणाने हात धुवा. आत ब्लीच ओतायचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. त्यासाठी पिशवी उघडावी लागते, आणि पुढे तुम्ही व्हिनेगर किंवा लिंबाचा गट केलात तर ब्लीच आणि आम्ल एकत्र येऊन क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो.

राहिला वहीचा प्रश्न. पहिला तक्ता फाडू नका आणि त्यातले दिवस बदलू नका. ‘कोरडीला येणार नाही असं वाटलं होतं’ हे वाक्यही तसंच राहू द्या. त्याखाली तिने तिच्या शब्दांत लिहावं की ती स्लाइस खरं तर कोरडी नव्हती, हे मला कशावरून वाटतं. पुरावा हवा असेल तर आणखी एक स्लाइस घ्या, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तिचं वजन करा, काडकन मोडेपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. घटलेले ग्रॅम तिने स्वतः लिहावेत, आणि मग नव्या तक्त्याचं पान सुरू करावं.